सोजराबाईची भिंत

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले त्या दिवसांत मोताळ्यात सोजराबाई नावाची ख्रिस्ती विधवा भाजी विकून राही. चर्चमध्ये प्रसादासारखी वाटायची प्रभुभोजनाची भाकर तिच्याच चुलीवर भाजली जाई, पण तिला त्यातला तुकडा मिळत नसे. पाळक अर्जुनराव आदल्या दिवशी घरोघर जाऊन विचारत, "कोणाशी वैर?" ज्याचं वैर, त्यानं मागच्या सतरंजीवर भाकरीविना कोरडं बसायचं.

सोजराबाईचं वैर भिंतीपलीकडच्या अजीजुन्निसाशी. तिच्या बकरीनं सोजराबाईचं बाप्तिस्म्याचं पांढरं लुगडं चघळून टाकलं होतं. वर ती म्हणाली होती, "बकरीले कापूस वाटला असंल." तेव्हापासून दोघी एकमेकींना पाहून थुंकत.

"शेजारणीवर प्रीती करा," अर्जुनराव सांगत. "भिंतीला भिंत लागून आहे तुमची."

सोजराबाईनं ते भलतंच मनावर घेतलं. सामाईक भिंत तिनं अजीजुन्निसाला सोडून दिली आणि आपल्या बाजूला, चार हात आत, नवी मातीची भिंत घातली. अर्धं सैपाकघर गेलं, मधे बोळ झाला. मग ती पाळकांसमोर जाऊन उभी राहिली.

"आता ते माही शेजारीण नाही. उद्या मले भाकर द्या."

"मग कोण आहे?"

"वैरीण."

"वैऱ्यावरही प्रीतीच करायची आज्ञा आहे, सोजराबाई."

"मंग मानसानं राग कोनाचा करावा?"

अर्जुनराव थकून म्हणाले, "मनातून गोड वाटलंच पाहिजे असं कोण म्हणतं? प्रीती हातानं करायची असते."

सोजराबाईनं त्या संध्याकाळी प्रभुभोजनासाठी मळलेल्या पिठातूनच एक भाकर जास्तीची भाजली आणि दात आवळून अजीजुन्निसाच्या दारात गेली.

"घे."

"जहर तं नाही ना घातलं?"

सोजराबाईनं कोपरा मोडून तोंडात टाकला आणि न चावताच गिळला. "मेली तं मी पयले मरन. घे म्हनलं ना."

अजीजुन्निसानं घास घेतला, सावकाश चावला. "मीठ कमी हाय," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अर्जुनराव ताट घेऊन सतरंजीपाशी थांबले. "मन निवळलं?"

"नाही."

"मग?"

"भाकर देऊन आली. अजून काई जमनार नाही."

अर्जुनरावांनी ताट पुढे केलं.

सोजराबाईनं तुकडा घेतला, नीट चावला. मीठ खरंच कमी होतं. अजीजुन्निसाचा तिला आणखीच राग आला.