साडूंची गाळलेली हवा

हवेवर काडीचाही विश्वास नसलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब. आपण बाकीचे बिनधास्त श्वास घेतो. साडू आधी हवेची चौकशी करतात. रोह्याच्या एका औषध कंपनीत, पेणहून जाऊनयेऊन, तीस वर्षं त्यांनी हवा गाळायचं खातं सांभाळलं. रिटायर झाले तरी ते खातं डोक्यातून उतरलेलं नाही. वाटेत धुळीने भरलेलं वडखळ आलं की गाडीच्या काचा वर करायला लावतात आणि नाका ओलांडेपर्यंत कुणी बोललं तर चिडतात, कारण बोलायला तोंड उघडावं लागतं. निडी गावात एका साखरपुड्यात सगळे मुलगी बघत होते, तर हे हॉलच्या एसीखाली मान वर करून उभे. रोह्याजवळ अष्टमी गावात आमच्या घरी आले की पाणीसुद्धा नंतर. आधी स्टुलावर चढून एसीची जाळी काढतात. एकदा ती उजेडासमोर धरून मला म्हणाले, "ही फिल्टर नाय, मच्छरदाणी हाय. केस नि कापूस अडवेल. धूळ हिच्यातनं वरात काढून जाईल." मग चहा गार होईपर्यंत नंबर समजावले. आठचा फिल्टर साधी धूळ धरतो, अकराचा त्याहून बारीक, तेराचा धुरातलंही बरंचसं अडवतो. आणि त्याच्या कितीतरी पुढचे ते कंपनीतले, ज्यांच्यातून जवळजवळ काहीच जात नाही. ते शेवटचं सांगताना त्यांचा आवाज देवाचं नाव घेतल्यासारखा हळू होतो.

मी त्यांची भरपूर थट्टा केली आहे. पण दोन वर्षांपूर्वी ताईची छाती भरायला लागली आणि माझी थट्टा बंद झाली. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. पेणला घरामागच्या गणपतीच्या कारखान्यात ती आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढते. लग्न होऊन आली तेव्हापासून प्लास्टरच्या धुळीत बसून तिने किती गणपतींना नजर दिली, ते त्या गणपतींनाच ठाऊक. डॉक्टरांनी सांगितलं, धूळ बंद, नाहीतर पुढचं सांगता येणार नाही. ताई घरी आली, दोन दिवस कारखान्याकडे फिरकली नाही आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, आखणी बंद म्हणजे मी बंद. ती जेवायचीसुद्धा थांबली तेव्हा साडू घाबरले.

मग त्यांनी घरातली मागची खोली घेतली. वर छतात लहानशी डक्टची, म्हणजे नळीतून गार हवा सोडणारी एसीची मशीन बसवली आणि दाराखिडक्यांच्या फटी टेप लावून बुजवल्या, अगदी कंपनीत करतात तशा. जुन्या ओळखीतून फिल्टर आणला तोही कंपनीतला, सगळ्यात वरच्या नंबरचा. माझ्यासमोर तो छातीशी धरून म्हणाले, आता बघा, हिला डोंगरावरची हवा देतो. मूर्ती एकेक करून आत न्यायची, ताईने डोळे काढायचे, मूर्ती बाहेर. मलाही वाटलं, जमवलं बुवा ह्यांनी.

श्रावणातली दुपार होती. पहिली मूर्ती आत नेली, आम्ही दोघे भिंतीला टेकून उभे. ताईच्या डाव्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, उजव्या हातात ब्रश. तिचा एक नेम आहे. एक डोळा झाला की दुसरा झाल्याशिवाय उठायचं नाही. मध्ये उठलं तर हात फिरतो आणि गणपती तिरका बघतो. मूर्ती नुकतीच घासलेली होती. तिने कोरड्या ब्रशने चेहरा झाडला, पांढरी पूड उडाली, ती खाली बसेचना. चिमट्यावर पंचाण्णव होते. उजवा डोळा झाला तेव्हा त्र्याण्णव. खोली गार व्हायच्या ऐवजी कोंदायला लागली आणि ताईच्या छातीतली शिट्टी मला भिंतीपाशी ऐकू येऊ लागली. एक्क्याण्णव.

साडूंनी खिशातून सुताचा धागा काढला आणि मशीनच्या तोंडापाशी धरला. मशीन हवा ओढत असेल तर धागा आत खेचला जातो. धागा सरळ खाली लोंबत राहिला. साडूंचा चेहरा त्या मूर्तीसारखा पांढरा झाला.

"उठ गो," ते म्हणाले.

"एक डोळा ऱ्हायलाय," ताई म्हणाली. तेवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं.

ज्या माणसाने तीस वर्षांत एक दार वेळेआधी उघडलं नाही, त्याने नखांनी टेप ओरबाडली, दोन्ही खिडक्या सताड उघडल्या आणि ताईला उचलून ओटीवर आणलं. मी औषधाचा पंप घेऊन मागे धावलो. चिमट्यावरचा आकडा वर सरकेपर्यंत आम्ही दोघांनी त्याच्यावरची नजर काढली नाही. असा घाबरलेला मी जन्मात नव्हतो.

मशीनसोबत आलेलं माहितीपुस्तक प्लास्टिकमध्ये तसंच होतं. जगाला मशीनसोबतचं पुस्तक आधी वाचा म्हणून सांगणाऱ्या ह्या माणसाने आपलंच उघडलं नव्हतं. त्यात साफ लिहिलं होतं, अकराच्या वरचा फिल्टर लावू नये. जाळी जितकी बारीक, तितकं मशीनला ओढायला जड. कंपनीतले पंखे घोड्याएवढे होते, हा बिचारा घरगुती पंखा गुदमरला. हे मला त्यांनीच सांगितलं, मान खाली घालून.

आता अकराचा आहे. मूर्ती आधी बाहेर ओल्या फडक्याने पुसून घेतात. डॉक्टरांनी रोज एक तास, तोही तोंडाला मास्क लावून, एवढीच परवानगी दिली आहे. तेवढ्यात ताईच्या दोन मूर्ती होतात, बाकीच्या दुसरेच हात करतात. साडू फिल्टर वरचेवर तपासतात. गेल्या रविवारी मी तिथेच होतो. त्यांनी जुना फिल्टर काढून अंगणात नेला. घड्याघड्यांत राखाडी साय साचलेली. ताई लांब ओटीवर बसली होती.

"हे समदं तुझ्या छातीत जात व्हतं गो," साडू म्हणाले. "तीस वर्षं. आन मी तिकडं गोळ्यांची पावडर जपत बसलो."

"तवा तुमाला तरी काय ठाव," ताई म्हणाली.

साडू फिल्टर खाली ठेवून तिच्याकडे निघाले, ओटीच्या पायरीपर्यंत गेले. मग स्वतःचे धुळीने भरलेले हात त्यांना दिसले, तसे दोन पावलं मागे सरले आणि तिथूनच तिच्याकडे बघत उभे राहिले.