वहिनीच्या नावावर खपवलेले पडदे

बसच्या सीटची कव्हरं शिवण्यात दादाची तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावरही हात स्वस्थ बसेनात. धाकट्या बहिणीने नवं घर घेतलं तेव्हा त्याने महिनाभर खपून तिच्यासाठी पडदे, अभ्रे, गाद्यांच्या खोळी, सगळं घरीच शिवलं.

घर बघायला माणसं जमली. बहिणीची सासू पडद्याची शिवण चाचपत दादाच्या बायकोला म्हणाली, "काय सफाई आहे हो तुमच्या हाताला."

बायकोला साधं बटण लावायचा कंटाळा. तिने गोंधळून नणंदेकडे पाहिलं. नणंद घाईघाईने म्हणाली, "वहिनीला पहिल्यापासूनच आवड आहे."

दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने बहिणीला स्वयंपाकघरात गाठलं.

"हे काय सांगितलंस?"

"मग काय सांगू? माझा भाऊ घरात बसून अभ्रे शिवतो म्हणून? जरा समजून घे ना, दादा."

"याच शिवणावर तुझं कॉलेज झालं. तेव्हा नाही लाज वाटली?"

दादा तसाच बाहेर आला आणि भरल्या खोलीत म्हणाला, "हे सगळं मी शिवलंय. माझ्या बहिणीला सांगायची लाज वाटते."

बायको तेवढी उठून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

पुढे बहिणीच्या सासूबाईंनी सोफ्याची कव्हरं दादाकडूनच शिवून घेतली. बहिणीने माफीही मागितली. दादा तिच्याकडे जातो, चहा पितो, पण तिच्याशी पूर्वीसारखं बोलणं त्याला अजून जमलेलं नाही.