आक्का आणि कावळ्याचा भाऊबंद

आक्कांच्या पिंडाला कावळा शिवलाच नाही.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं, तरी मला आधी तीच सकाळ आठवते.

आक्का म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. आयुष्यभर नंदिगड्डा गावच्या ह्याच घरात राहिल्या.
मी बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला चूल पेटवता येत नव्हती. त्या हसल्या नाहीत. फुंकणी हातात दिली आणि शेजारी बसून राहिल्या.

पक्ष्यांचं वेड आम्हाला फार उशिरा लागलं, दोघींचे केस पांढरे झाल्यावर.
मुलाने बंगळूरहून एक दुर्बीण आणि पक्ष्यांचं इंग्रजी पुस्तक पाठवलं. फोनमध्ये ॲपही टाकून दिलं होतं, पण आमच्या घरात रेंज कुठली?

मग कामाची वाटणी झाली. डोळे आक्कांचे, इंग्रजी माझं.
सुपारीच्या बागेत काही अनोळखी हललं की परसातून हाक यायची, "लता, पुस्तक आण. हा आपल्यातला न्हाई."
मी कणकेच्या हातांनीच पळायची.

एकदा ओढ्याकाठी पाचोळा उलटणारा एक पक्षी दिसला. शेंदरी डोकं, पांढरट गाल, गालांवर दोन काळ्या उभ्या रेघा.
"हिचं काजळ ओघळलंय बघ," आक्का म्हणाल्या. "कुणीतरी रडवलंय."
मी पानं उलटून सांगितलं, हा ऑरेंज-हेडेड थ्रश. मागच्या यादीत मराठी नाव, कस्तूर.
"नाव झालं. का रडली ते लिवलंय का?"
"नाही."
"मग अर्धंच पुस्तक हाय."

हे ओसरीवरून चिडवायचे, "माणसांच्या चौकश्या संपल्या, आता पाखरांच्या सुरू."
"तम्मा, तू गप," आक्का म्हणायच्या. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ; सत्तरीच्या भावालाही त्या तेच म्हणत. "तुझं चित्र सापडलं पुस्तकात की सांगते तुला."

शेवटी त्या अंथरुणावरच होत्या. खाट खिडकीशी ओढली, पण नजर लांब पोचेना.
मग मी बघायची आणि त्या विचारायच्या. शेपटी कशी? चालतो का उड्या मारतो? चोच जाड का बारीक?
मला सांगता आलं नाही की म्हणायच्या, "नीट बघत जा गं."

एका पहाटे त्या गेल्या.

दहाव्याचे विधी बागेच्या खालच्या टोकाला, ओढ्यावर केले. घराचीच जागा, म्हणून मीही जाऊन उभी राहिले.

पिंड ठेवले. एरवी वाळवणावर तुटून पडणारे कावळे त्या दिवशी कुठे गेले कोण जाणे.
ऊन चढलं. माणसं सावलीत सरकली.
खानापूरच्या काकू, म्हणजे ह्यांच्या चुलती, पुटपुटल्या, "लगीन न्हाई, पोर न्हाई. जीव अडकणारच की."
कुणीतरी ह्यांना म्हणालं, काहीतरी कबूल करा.

ह्यांनी हात जोडले. "आक्का, तुझ्या खोलीला कुलूप लावणार न्हाई."
काही नाही.
"तुझी गाय विकणार न्हाई."
काही नाही.
"आक्का, मग काय गं?" एवढंच म्हणाले, आणि तसेच उभे राहिले. बहिणीने आपल्यावर राग धरलाय, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मला काकूंचा राग आला. आक्कांचं काही राहिलं नव्हतं. रोज त्यांच्याबरोबर बसणाऱ्या मला ते माहीत होतं. पण ऐकणार कोण?

भटजींनी दर्भाचा कावळा वळायला घेतला. तेवढ्यात फणसावरून एक पक्षी उतरला. काळपट डोकं, तांबूस अंग, लांब राखाडी शेपटी, तिचं टोक काळं.
बेधडक पिंडाशी गेला, भात उचलला आणि उडाला.

"उष्टं केलं की मेल्यानं," काकू म्हणाल्या. "कावळा तरी हाय का त्यो?"
भटजींनी वर पाहिलं. "कुठला पक्षी म्हणायचा हा?"
"टकाचोर," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "कावळ्याच्या कुळातला आहे. पुस्तकात दोघं शेजारी शेजारी आहेत."
"म्हणजे कावळ्याचा भाऊबंदच की," भटजी म्हणाले. "मग शिवला म्हणायला हरकत नाही."
"भाऊबंद कवा कुणाच्या कामाला आलाय?" काकू म्हणाल्या.
लोक हसले. भटजींनी दर्भ खाली ठेवला.

पाहुणे जेवून गेल्यावर हे माझ्याजवळ येऊन बसले.
"लता, खरं सांग. त्यो कावळ्याच्याच कुळातला हाय ना? का मला बरं वाटावं म्हणून बोललीस?"

मी पुस्तक आणलं. ह्यांचं शिक्षण कन्नड शाळेतलं, म्हणून एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली.
"परत वाच."
परत वाचलं.
मग पुस्तक त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि त्या चित्राकडे बघत बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

वर्षभरात हे त्यांनी मला कितीदा तरी विचारलंय. मी दर वेळी ते पान उघडते.

आज सकाळी मी वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकात होते. हे बागेतून घाईने दारात आले.
"ऐकलंस का? कोणतरी नवीन आलाय."
आम्ही पोचेपर्यंत पक्षी गेला होता.
"कसा होता?"
"ल्हान."
"रंग?"
"हिरवट. न्हाईतर पिवळा असंल."
"शेपटी?"

त्यांनी सुपारीच्या शेंड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले,
"आक्काला नीट दिसला असता."

आक्का, आम्हा दोघांचा तुम्हाला नमस्कार.