साडूंच्या बुटांचे सोल

गेल्या अधिक महिन्यातला दुसरा रविवार. ठिकाण उल्हासनगरचा बाजार, रक्कम दोन हजार सहाशे, हजर माणसं तीन: माझे सासरे, माझे साडू आणि मी. अधिक महिन्यात जावयांना काहीतरी द्यायचं म्हणून सासऱ्यांनी यंदा स्नीकर्स द्यायचे ठरवले होते. कपडे देऊन झाले होते, चांदीचा भाव त्यांना परवडत नव्हता, आणि आम्हा दोघांनाही डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं होतं.

एका जोडीचे चौदाशे सांगितले होते. मी दोन जोड्यांचे मिळून पंचवीसशे म्हणालो. दुकानदार म्हणाला, "साईं, छब्बीस सौ. इससे नीचे मैं घर जाके क्या बोलूँ?" सासऱ्यांनी पैसे काढून दिले. दोन्ही जोड्या राखाडी, सोल पांढरेशुभ्र, नंबर नऊ. साडू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण पाय एकाच मापाचे.

बदलापूरला घरी आल्यावर सासूबाईंनी हात पुढे केला. "बूट फुकट देऊ नयेत, नात्यात अंतर पडतं. काहीतरी टेकवा हातावर." मी एक रुपयाचं नाणं दिलं. रीत रुपयाचीच आहे. साडूंनी दहाची नोट दिली आणि म्हणाले, "राहू दे आई, सुट्टे नाहीत." सासूबाई हसल्या. माझ्या रुपयाला त्या हसल्या नव्हत्या. मी थोरला जावई आहे.

हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं इथूनच सुरू झालं.

भाऊबीजेला आम्ही पुन्हा सगळे बदलापूरला जमलो. दाराबाहेर चपलांची रांग होती आणि तिच्यात आमच्या दोन जोड्या शेजारी शेजारी. साडूंच्या बुटांचे सोल दुकानातून आणल्यासारखे. माझे चहाच्या फडक्यासारखे. बूट एका दिवशीचे, एका दुकानातले, चालणं दोघांचं सारखंच.

सासूबाई पाणी द्यायला दारापर्यंत आल्या आणि खाली बघून म्हणाल्या, "धाकट्यांनी वस्तू ठेवावी ती अशी." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

अर्ध्या तासात मी निघायची घाई केली. बूट घालायला गेलो तर डावा जागेवर नव्हता. हाक मारल्यावर सासऱ्यांनी तो गॅलरीतून आणून दिला. पोरांनी नेला असेल, असं मला वाटलं. घरी येऊन पाहिलं तर डाव्या सोलचं टोक, अंगठ्याएवढं, बाकीच्यापेक्षा पांढरं दिसत होतं. तेवढंच का, ते कळेना. मी ते सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी साडूंना मी फोनवर विचारलं.

"काय लावता हो तुम्ही सोलला?"

"काही नाही दादा. घालतो आणि काढतो. माल चांगला निघाला."

"माझाही तोच माल आहे."

"मग तुमच्याकडे धूळ जास्त असेल. अंबरनाथ ना."

साडू बदलापुरातच राहतात. तिथे काय गुलाबपाणी शिंपडतात का, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. माणूस लपवतोय एवढं नक्की झालं.

मग मी घरीच सुरू केलं. आधी जुना ब्रश आणि टूथपेस्ट. मळ निघाला, पण पिवळेपणा राहिला. नंतर खायचा सोडा आणि व्हिनेगर. फेस चांगला आला, रंग तसाच. बायको बाथरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, "अहो, माझ्या नणंदेच्या लग्नात तुम्ही इतकं तोंड धुतलं नव्हतं."

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचे बघ एकदा."

"मी बुटांकडे बघत नाही. तुम्ही बघता."

तेवढ्यात सासऱ्यांची पंचाहत्तरी ठरली. त्यांच्या सोसायटीच्या अंगणात फोटो काढायचा होता: मध्ये खुर्चीवर ते, दोन्ही बाजूंना दोन जावई, आणि जावयांनी तेच बूट घालायचे. ही सासूबाईंची कल्पना. तो फोटो मोठा करून हॉलमध्ये लागणार होता. म्हणजे पुढची वीस वर्षं, जेवायला बसलं की समोर साडूंचे सोल आणि माझे सोल.

मी बाथरूमचं ब्लीच काढलं. पाणी न घालता सोलवर चोपडलं आणि जोडी गच्चीत उन्हात ठेवली. संध्याकाळी गेलो तर सोल हळदीच्या दुधासारखे झाले होते, आणि उजव्याची कड पुढून सुटून तोंड उघडल्यासारखी दिसत होती. बायकोने त्याकडे बघितलं आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला घेतले. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी सकाळी मी न कळवता बदलापूरला गेलो. जुन्याच काळ्या चपला घालून फोटो काढू, असं सासऱ्यांना पटवायचा माझा बेत होता. पुरावा म्हणून बूट पिशवीत घेतले. दार उघडंच होतं. बाहेर साडूंचा एकच बूट. आतून साडूंचा आवाज येत होता. ते सासूबाईंना मोबाइलवर विजेचं बिल कसं भरायचं ते दाखवत होते आणि पोहे खात होते.

मी आवाज न करता गॅलरीकडे गेलो. सासरे पाटावर बसले होते. मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर साडूंचा दुसरा बूट. बाजूला तांब्या, धुण्याच्या पावडरचं पाणी, दात घासायचा झिजलेला ब्रश. कडेच्या खाचेतून ते सावकाश ब्रश फिरवत होते आणि मग ओल्या फडक्याने पुसत होते.

मला पाहून ते दचकले नाहीत. "या, बसा," म्हणाले. "हळू बोला. त्यांना माहीत नाही."

"दर रविवारी करता?"

"ते येतात दर रविवारी. आत गेले की मी एकेक घेतो. त्यांना वाटतं, बूट चांगल्या कंपनीचे आहेत." ते हसले. "नोकरीत असताना मी बूट असेच ठेवायचो. आता मी कुठे जातो बूट घालून?"

मी तिथेच गॅलरीच्या फरशीवर बसलो. इतके महिने मला साडूंच्या ब्रशचा हेवा वाटत होता. आता तो दुप्पट झाला, आणि ब्रशचा राहिला नाही. अंबरनाथहून बदलापूर एक स्टेशन. साडू पोहे खायला येतात आणि सासरे त्यांचे बूट मांडीवर घेतात.

"आणि माझे?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"भाऊबीजेला घेतला होता की. टोक झालं आणि तुम्ही हाक मारलीत."

मी पिशवीतून जोडी काढली. त्यांनी सोल उजेडाकडे धरला, वास घेतला. "ब्लीच?"

"हो."

"आणि उन्हात?"

"हो."

"रबर भाजलंत की हो." त्यांनी जास्त काही विचारलं नाही. साडूंचा बूट दाराबाहेर ठेवून आले आणि माझा मांडीवर घेतला. पिवळेपणा आता जाणार नाही, मळ तेवढा काढतो, म्हणाले. कड मात्र चिकटवून शिवून घ्या.

तेवढ्यात साडू बाहेर आले. "अरे दादा, आज कसे? बाबा, हे काय, दादांचे बूट तुम्ही घासताय?" मग मला म्हणाले, "काय दादा, म्हाताऱ्या माणसाला कामाला लावलंत?"

सासरे खाली बघून घासत राहिले. मी ओलं फडकं पिळून त्यांच्या हातात दिलं. खरं सांगतो, बोलायची फार इच्छा होती.

फोटो निघाला. हॉलमध्ये लागला आहे. डावीकडे पांढरे, उजवीकडे पिवळे, नीट बघितलं तर दिसतात. मी नीट बघतो.

तेव्हापासून मी दर रविवारी जातो. साडू साडेनऊला येतात, मी नऊला पोचतो, म्हणजे पहिली जोडी माझी असते. अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनबाहेरच्या मोच्याने कड चिकटवून वरून टाके घातले, त्याला ऐंशी रुपये दिले. आणि त्याच आठवड्यात सासूबाईंच्या हातावर नऊ रुपये ठेवले, एक पाचचं आणि दोन दोनची नाणी.

"हे कसले?" त्यांनी विचारलं.

"बुटांचे राहिले होते."

त्यांनी मोजले नाहीत. ओट्यावरच्या डब्यात टाकले आणि चहा ठेवला.