आज काय कळलं नाही

नुकतंच बी.एड. करून नोकरीला लागलेल्या माणसापासून शाळेने दोन वर्षं तरी सावध राहावं, असं माझं अनुभवाअंती झालेलं मत आहे. अनुभव माझाच, आणि सावध राहायला हवं होतं तेही माझ्यापासूनच. ऐंशी सालानंतरची एक-दोन वर्षं असतील. नाशिकमधली एक मराठी शाळा, तिच्या मागच्या अंगाला पत्र्याचे चार वर्ग, आणि त्यातल्या शेवटच्या वर्गात सातवी 'ड'. हुशार मुलं 'अ'मध्ये, बरी 'ब'मध्ये, बापाची ओळख असलेली 'क'मध्ये आणि उरलीसुरली 'ड'मध्ये, अशी तेव्हाची सरळ वाटणी होती. नव्या सुनेला पहिल्या दिवशी भाकऱ्या थापायला बसवतात तसं नव्या शिक्षकाला 'ड'चं गणित देत.

माझ्या अंगात तेव्हा वारं होतं. कॉलेजात एका प्राध्यापिकेने सांगितलं होतं की मुलांनी आपल्या शिकण्याबद्दल रोज चार ओळी लिहिल्या तर शिकणं पक्कं होतं. खरंच होतं का, हे तिला कोणी विचारलं नाही. परीक्षेत यायचं होतं, म्हणून आम्ही पाठ केलं. पण मला ते मनापासून पटलं होतं. पाठ केलेली गोष्ट पटतेच माणसाला.

मुख्याध्यापकांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते कोणालाही नाही म्हणत नसत, फक्त अट घालत. "तासाची शेवटची दहा मिनिटं घ्या. वही शंभर पानी नको, दोनशे पानी तर नकोच, पालक माझ्याकडे येतात. आणि वार्षिक परीक्षेचा निकाल मला दाखवा," ते म्हणाले. मी हो म्हणाले. त्या वयात मी सगळ्यालाच हो म्हणायची.

वहीत दोनच गोष्टी लिहायच्या होत्या: आज काय कळलं आणि आज काय कळलं नाही. पहिल्या दिवशी वह्या गोळा करून घरी नेल्या, चहाचा कप घेऊन मोठ्या उत्साहाने उघडल्या. पहिल्या वहीत होतं, "आज सर्व कळले. बाई छान शिकवतात." दुसऱ्या वहीत तेच. पाचव्या वहीत 'बाई' ऐवजी 'आमच्या बाई' होतं, तेवढाच बदल. आठवडाभर हेच चाललं. मधे एक दिवस मला ताप होता, मी शाळेत गेलेच नाही, त्या दिवशीही सर्वांना सर्व कळलं होतं आणि मी छान शिकवलं होतं.

मला हसू आलं आणि रागही आला. दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर केलं की ज्याला सगळं कळलं असेल त्याने उद्या फळ्यापाशी येऊन ते शिकवायचं. त्या संध्याकाळी अख्ख्या वर्गाला काहीही कळलेलं नव्हतं.

मग कारणांचे दिवस आले. देवळाली कॅम्पच्या बाजूला तोफांचा सराव चालला की आमचे पत्रे थरथरायचे, त्यामुळे पंधरा दिवस गणित तोफांमुळे कळलं नाही. पुढे शेजारच्या वर्गातल्या कवितेमुळे कळलं नाही. एकाने लिहिलं, "बाईंच्या साडीवरचे ठिपके मोजत होतो म्हणून नाही कळले." हा मुलगा पुढे मोजण्यात चांगला निघाला, हेही सांगून टाकते.

असं करता करता पोरं हळूहळू खरं लिहायला लागली. खोटं लिहायला रोज काहीतरी नवीन सुचावं लागतं, त्याचा त्यांना कंटाळा आला असावा. "तीन छेद सात आणि सात छेद तीन यात मोठं कुठलं ते दरवेळी विसरतो." "शेकडेवारी कळते पण शेकडा म्हणजे शंभरच का ते नाही कळत." मी खाली लाल शाईने उत्तरं लिहायची. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, तुम्ही लिहिता का अशी वही?" त्या शनिवारपासून मलाही लिहावी लागली आणि मोठ्याने वाचून दाखवावी लागली. ऋण संख्येला ऋण संख्येने गुणलं की उत्तर धन का येतं हे मला नीट समजावता आलं नाही, असं मी वाचलं तेव्हा वर्गाने फार मायेने ऐकून घेतलं. एकीने तर मला धीरही दिला, "होईल बाई सवयीने."

या सगळ्यात दुसऱ्या बाकावर एक मुलगी होती. सातवीत एकदा बसून झालेलं होतं, हे तिचं दुसरं वर्ष. मूळची नांदगावकडची. इथे मामांकडे राहायची. मामा एस.टी.त कंडक्टर होते आणि मामी घरी बसून एका दुकानासाठी परकर शिवायची. शाळा सुरू झाली तेव्हा मामा मला भेटायला आले होते. खाकी कपड्यांतच, डबलड्यूटी करून. म्हणाले, "बाई, पोरगी गुणाची हाय. पण गणित डोक्यात जात नाय. यंदाबी नापास झाली तर गावाकडं धाडावी लागंल, तिच्या बापाचं तसंच म्हणणं हाय. आन तिकडं शाळा चौथीपर्यंतच." मी म्हटलं, बघू. त्यांनी मान हलवली आणि निघताना सवयीने खिशातला तिकिटं पंच करायचा चिमटा चाचपला.

तिची वही मला रोज छळायची. अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर कायम एकच. "आज काही कळलं नाही." रोज. तारीख बदलायची, वाक्य नाही. शेवटी मी लाल शाईत जरा तिखटच लिहिलं, "काहीच म्हणजे काय? कुठून कळेनासं झालं ते लिही." दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "तुम्ही वर्गात आल्यापासून."

मी वही जोरात मिटली. घरात आईने विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, काही नाही, एक आगाऊ मुलगी आहे. पण नंतर वाटलं, आगाऊ कसली, विचारलं तेच तिने सांगितलंय. मी पुन्हा लिहिलं, "बरं. माझ्या आधीचं काय कळत होतं?" त्यावर चार ओळी आल्या. बेरीज कळत होती. गुणाकारही, हातचा येईपर्यंत. हातच्याच्या वेळी आधीच्या शाळेत ती गोवराने घरी होती, आणि परत आली तेव्हा सगळे हातचा घेत होते, म्हणून तीही घ्यायची, पण कुठून घ्यायचा ते कोणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्या ओळी वाचून मला फार वाईट वाटलं. चार-पाच वर्षं ही पोर सगळ्यांच्या मागे मागे हातचा घेत होती. आम्ही मधल्या सुट्टीत बसायला लागलो. आणि एक गंमत माझ्या लक्षात आली. बाकीच्यांचं 'कळलं नाही' दिवसेंदिवस आखूड होत चाललं होतं, हिचं मात्र लांबत होतं. एका ओळीचं अर्धं पान झालं. "दुसऱ्या पायरीपर्यंत कळलं. तिसरीत दशांश चिन्ह पुढे गेलं. ते आपण नेलं का ते आपोआप गेलं?" असं लिहिणारीला गणित येत नाही असं म्हणायची माझी हिंमत झाली नसती. परीक्षेला मात्र ते चालत नाही, तिथे पस्तीस लागतात.

वार्षिक परीक्षेत पेपर अदलाबदल करून तपासायची पद्धत होती. 'अ'च्या सरांकडे 'ड'चे गठ्ठे आणि माझ्याकडे त्यांचे. हे सर शाळेतले सर्वांत ज्येष्ठ. प्रश्नपत्रिकाही त्यांनीच काढलेली. त्यांचं मत असं होतं की मुलाला गणित येतं ते पाढ्यांनी, वह्या लिहून वाणी होता येतं फार तर. माझ्या वहीला ते 'बाईंचं कीर्तन' म्हणत.

पेपर तपासून झाले त्याच दुपारी ते शिक्षकांच्या खोलीत गठ्ठा घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, ही उत्तरपत्रिका आहे की तक्रारवही?"

मी वरचा पेपर उघडला. वर्षभर ज्या पोरांना 'कळलं नाही ते लिहा' म्हणून पिडलं होतं, त्यांनी ते इमानेइतबारे परीक्षेतही लिहिलं होतं. प्रश्न तिसरा: "हे शिकवलं तेव्हा मी काकाच्या लग्नाला मालेगावला होतो. पुन्हा शिकवावे." प्रश्न पाचवा: "इथपर्यंत बरोबर आहे याची खात्री आहे. पुढचे अंदाजाने." एकाने प्रश्नाखाली लिहिलं होतं, "ज्यांनी हा प्रश्न काढला त्यांनी अजून एक वाक्य लिहायला पाहिजे होतं." सर ते वाक्य स्वतः मोठ्याने वाचून दाखवत होते आणि सगळे शिक्षक खिडकीबाहेर बघत होते, कारण हसू आवरत नव्हतं. त्यातले मराठीचे सर तर पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले ते आलेच नाहीत.

मी मात्र गठ्ठ्यात दुसऱ्या बाकावरच्या मुलीचा पेपर शोधत होते. सापडला. बत्तीस.

उदाहरण असं होतं: एका परकराला सव्वादोन मीटर कापड लागतं, दशांशात लिहून बारा परकरांना किती लागेल ते काढा. तिने गुणाकार बरोबर केला होता, हातचे सगळे जागेवर. मग दशांश चिन्हापाशी अडली होती, आणि अडलं की काय करायचं हे तिला मीच शिकवलं होतं. तिने लिहिलं होतं, "चिन्ह कुठे द्यायचं ते आत्ता आठवत नाही. तीन जागी देऊन बघते. २.७ मीटर असेल तर त्यात एक परकर होईल आणि वर एक पोलकं निघेल, बारा होणार नाहीत. २७० मीटर असेल तर एवढं कापड मामीला महिनाभर पुरेल. म्हणून २७ मीटर." त्यावर सरांची लाल फुली, आणि चारपैकी शून्य.

मी तो पेपर घेऊन तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. सर माझ्या मागून आले.

"उत्तर एक हवं," सर म्हणाले. "तीन ठिकाणी टिंब देऊन बघणं हा जुगार झाला."

"जुगारात कोणी कारण लिहीत नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवताही येत नव्हता.

मुख्याध्यापकांनी चष्मा लावून ते उत्तर वाचलं. मग परत वाचलं. मग सरांना विचारलं, "उत्तर चुकलंय का?"

"उत्तर बरोबर आहे. उत्तराखाली दोन रेघा नाहीत. चिन्ह द्यायची रीत नाही."

"रीत वेगळी आहे, पण आहे की," मुख्याध्यापक म्हणाले. "आणि ही मुलगी दुसऱ्यांदा सातवीत आहे."

सरांना ते माहीत नव्हतं. त्यांनी पेपर ओढून घेतला आणि उभ्याउभ्याच वाचू लागले. वाचता वाचता त्यांचं एक बोट टेबलावर कापड मोजल्यासारखं सरकत होतं. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून लाल पेन काढलं, फुली खोडली आणि चारपैकी तीन दिले. "एक शिस्तीचा कापला," म्हणाले. मी मनात बेरीज केली आणि माझा जीव भांड्यात पडला. त्या क्षणी सरांच्या पाया पडायचीही माझी तयारी होती, इतकी मी खूश होते. पडले मात्र नाही.

सर गेल्यावर मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गाचा निकाल गेल्या वर्षीपेक्षा थोडा बरा लागेल असं दिसतंय. वहीमुळे, का तुम्ही नव्या आहात म्हणून, ते मला सांगता येणार नाही, तुम्हालाही येणार नाही. पण मुलं पेपरात आपल्याशी गप्पा मारायला लागली तर पुढे बोर्डात त्यांचं काय होईल? पुढच्या वर्षी वही नको. आणि तुम्हाला पुढच्या वर्षी पाचवी देतोय."

मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. वर्षभर वह्यांची पिशवी वाहून खांदा भरून आला होता. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. वही लिहून गणित येत नाही, गणित करूनच येतं. मी वहीवर इतकी खूश का होते ते मला नीट सांगता आलं नसतं.

निकालाच्या दिवशी मामा भाचीला घेऊन आले. आज खाकी नव्हती, इस्त्रीचा पांढरा सदरा होता. मी प्रगतिपुस्तक हातात दिलं तेव्हा त्यांनी आधी 'उत्तीर्ण' हा शब्द बोटाने शोधला, मग म्हणाले, "लय उपकार झाले, बाई." माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलंही नाही. मग त्यांनी पुस्तक भाचीकडे दिलं.

तिने 'उत्तीर्ण' बघितलंच नाही. गणिताच्या चौकटीत बराच वेळ बघत राहिली. मी म्हटलं, "अगं, पास झालीस, हस की जरा."

"पस्तीस म्हणजे पासष्टचं अजून कळलेलं नाही, बाई," ती म्हणाली. तक्रार नव्हती, वहीत लिहायची तशीच सरळ बोलत होती. "ते आठवीत तुम्हीच घेणार ना?"

मामा तिला म्हणाले, चल, बाईंना त्रास देऊ नको. ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती.

"हो, मीच घेणार," मी म्हणाले, आणि ती दोघं फाटकाबाहेर गेल्यावर पुन्हा मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघाले.