साठेबाईंची मोजणी

प्रयोगशाळेत सगळे त्यांना साठेबाई म्हणत. त्यांचं आडनाव साठे नव्हतं. पण गाईबैलांच्या पेशीत गुणसूत्रं साठ असतात आणि बाई एकवीस वर्षं तीच मोजत होत्या, म्हणून कुणीतरी थट्टेनं ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. पैदास केंद्रात नवा वळू आला की त्याचं रक्त इथे येई. बाई काचपट्टी तयार करत, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत आणि तीस पेशी मोजत. साठ भरली की वळू पास.

त्या दिवशी पहिल्या पेशीत एकोणसाठ भरली. पट्टी करताना एखादं गुणसूत्र निसटतं, त्यात नवल नव्हतं. पण दुसरीतही एकोणसाठ, तिसरीतही. दहाव्या पेशीपर्यंत तेच. त्यांनी भिंग पुसलं, मग चष्मा, मग पुन्हा भिंग.

धास्ती वळूची नव्हती. त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर आठ महिने धुरकट पडदा होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता. बाईंनी ते नवऱ्याच्याही कानावर घातलं नव्हतं. काम डोळ्यांचं; डोळा अधू आहे म्हटल्यावर खुर्ची जाणार, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

नवी पट्टी केली, तरी एकोणसाठच. डबा न उघडता त्या तशाच बसून राहिल्या आणि चार वाजता प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या खोलीत गेल्या.

"सर, या वळूची एकोणसाठ भरताहेत. पण माझ्यावर विसंबू नका."

"का बरं?"

"उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. आठ महिने झाले."

सर स्वतः येऊन सूक्ष्मदर्शकाशी बसले आणि अर्धा तास मोजत राहिले.

"बरोबर मोजलंय तुम्ही. दोन गुणसूत्रं जुळून एक लांबडं झालंय. वळू धडधाकटच राहील, पण त्याच्याकडून गाई लवकर गाभण राहणार नाहीत, आणि निम्म्या वासरांत हे उतरेल."

बाईंचा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट त्यांना याआधी पास केलेले वळू आठवले. "मग आठ महिन्यांतले बाकीचे, सर?"

एकेचाळीस वळू होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ते पुन्हा मोजायला घेतले. साठेबाई पट्ट्या काढून देत आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहत. घरी घास उतरेना. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर पडलं.

"आठ महिने समोर बसून जेवतेस, आणि मला पत्ता नाही?" तो एवढंच म्हणाला आणि डॉक्टरांची वेळ घ्यायला फोन शोधू लागला.

चौथ्या दिवशी शेजारच्या बाई एका पट्टीवर थांबल्या. "ही तुम्ही साठ लिहिलीय."

"आणि?"

"एकोणसाठ आहेत."

याही वळूत तसंच एक लांबडं गुणसूत्र होतं; त्याचे दोन भाग बाईंनी दोन वेगळी समजून मोजले होते, तीसही पेशींत. तो वळू पाच महिने केंद्रात वापरात होता. बाईंनी चूक स्वतःच्या हातानं कागदावर लिहिली, खाली सही केली. सरांनी केंद्राला फोन करून वळू थांबवला. मग बाईंकडे वळून म्हणाले, "आधी डोळा करून घ्या. यापुढे प्रत्येक मोजणी दोघींनी करायची."

खुर्ची गेली नाही. शस्त्रक्रियेनंतर बाई दीड महिन्यानं परतल्या. पुढे त्या वळूची वासरं जन्मू लागली, तशा त्यांच्या रक्ताच्या नळ्या आल्या, पहिल्या खेपेला अकरा. बाईंना स्वच्छ दिसत होतं, तरी पहिली पट्टी त्यांनी दोनदा मोजली. पहिल्या वासराची साठ भरली. दुसऱ्याची एकोणसाठ. त्यांनी आकडा लिहिला, पट्टी शेजारच्या टेबलावर सरकवली आणि तिसरी नळी उचलली.