तळव्यांना पसंत पडलेला आवाज

दोन हजार चारच्या सुमाराला मालवणात पर्यटक वाढले, तेव्हा मी एक जुनी फिकट निळी व्हॅन घेतली आणि आचऱ्याहून तारकर्लीपर्यंत फेऱ्या मारू लागलो. गाडी बरी होती, पण तिच्यात गाणं नव्हतं. म्हणजे सीडी प्लेयर होता, दारांत दोन स्पीकर होते, पण वाजलं की पत्र्याच्या डब्यात कोणीतरी कुजबुजतंय असं वाटायचं. तारकर्लीच्या स्टँडवर दुसऱ्यांच्या गाड्या यायच्या त्या आधी छातीत ऐकू यायच्या आणि मग दिसायच्या. मला तसा आवाज हवा होता. गाडी चालवताना, जेवताना, विहिरीवर आंघोळ करतानासुद्धा मी मनातल्या मनात मागच्या सीटखाली एक मोठा वूफर बसवून बघत असे.

त्याच दिवसांत बाबांना कणकवलीला कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं, म्हणून दवाखाना आणि वूफर ही दोन कामं मी एका फेरीत बांधली.

बाबा पंचवीस वर्षं मच्छीमार बोटीवर इंजिन चालवत होते. खाली लाकडी पोटात, डिझेलच्या वासात आणि त्या अखंड धडधडीत त्यांचं ऐकणं हळूहळू झिजत गेलं. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते मुळात कमी बोलणारे. मग एकदा समुद्रात जाळं ओढताना तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, वरून ओरडला, इंजिन बंद कर. बाबांना ते ऐकूच गेलं नाही. दोर बोटीखालच्या पंख्यात अडकला आणि एक खलाशी ओढला जाऊन त्याचा हात मोडला. तो पुढे बरा झाला, कोणी बाबांना बोल लावला नाही. पण बाबा किनाऱ्यावर उतरले ते परत बोटीवर चढले नाहीत. दोन वर्षं ते पडवीत बसून लोकांची जाळी विणत होते. आई त्यांना जेवायला बोलवायची ती खांद्यावर हात ठेवून. आम्ही समोर उभं राहून सावकाश बोललो तर ओठांवरून त्यांना कळायचं, पण हळूहळू ते आमच्या तोंडाकडे बघायचंच टाळू लागले होते.

गणपतींचं नुकतंच विसर्जन झालं होतं. डॉक्टरांनी बाबांना एका बंद खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन घातले आणि बराच वेळ तपासून मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "बारीक आवाज पूर्ण गेलेत. जाड आवाज थोडेसे शिल्लक आहेत, तेही ऐकू येण्यापेक्षा जाणवतात म्हणा." त्यांनी कानातलं मशीन लावून दिलं. आम्ही रस्त्यावर आलो, तर एसटीचे हॉर्न, दुकानांची शटरं, माणसांची बोलणी, सगळं एकदम बाबांच्या अंगावर कोसळलं असावं. चौकापर्यंतही ते पोचले नाहीत. मशीन काढून त्यांनी खिशात ठेवलं आणि खिशाला बटण लावलं.

गाडीच्या गाण्यांचं दुकान हायवेच्या कडेला होतं. दुकानदार पन्नाशीचा, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. भिंतभर गोल काळे स्पीकर टांगलेले, आणि त्यांच्यामध्ये तो घड्याळजीसारखा शांत बसलेला. मला वाटलं होतं तो लगेच वूफरचा मोठ्यात मोठा डबा दाखवेल. पण त्याने आधी गाडी कुठली ते विचारलं, मग गाणी कसली ऐकता, आणि शेवटी गाडीत बसतं कोण.

मग त्याने समजावलं. वूफरचं माप नंतर बघा, आधी त्याला धाप न लागता ओढणारा अँप्लिफायर बघा. तुमच्या गाडीला चार चॅनलचा एक पुरे, दोन चॅनल दारांच्या स्पीकरना द्यायचे आणि उरलेले दोन एकत्र जोडून वूफरला. डबे दोन तऱ्हेचे. एकाला पुढून भोक असतं, त्यातून हवा बाहेर फेकली जाते, आवाज दांडगा येतो. दुसरा चारी बाजूंनी बंद, त्याचा आवाज कमी पण आवरलेला. माझं लक्ष अर्थातच भोकवाल्यावर. बारा इंची, वर चंदेरी कडा. तो वाजवला तेव्हा दुकानातल्या कपाटाच्या काचा थरथरल्या. हाच, असं मी ठरवूनही टाकलं.

व्हॅनमध्ये कसा वाजतो ते बघावं म्हणून त्याने दोन्ही डबे तात्पुरते मागे ठेवून तारा जोडल्या. बाबा मागच्या सीटवर कंटाळून बसले होते, चपला काढून, पाय गाडीच्या फरशीवर टेकून. आधी मोठा वाजला. बाबांनी कपाळाला आठी घातली आणि पाय उचलून घेतले. मग दहा इंची बंद डबा वाजला. गाणं तेच होतं. बाबांनी पाय हळूच परत खाली ठेवले. पायांची बोटं पसरली. ते खाली बघत राहिले, एखादा ओळखीचा माणूस खूप वर्षांनी दिसावा आणि नाव आठवू नये, तसे.

"झिला, ह्यां काय वाजता?" त्यांनी विचारलं.

मी वूफरकडे बोट दाखवलं. दुकानदाराने परत मोठा लावला, परत छोटा लावला. बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"तो मोठो नको. तो एकदा बोंब मारता आणि मगे सगळां गढूळ करता. ह्यो ठोको सोडून ठोको मारता. मधली जागा कळता."

दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, की हे मी गिऱ्हाइकांना इतकी वर्षं समजावतोय, पण इतक्या नीट मला सांगता आलं नाही. त्याने गाणं बंद करायला हात पुढे केला, तर बाबा म्हणाले, "ऱ्हवांदे. आजून थोडो वेळ ऱ्हवांदे."

खरं सांगायचं तर मी खट्टू झालो होतो. तारकर्लीच्या स्टँडवर चंदेरी कडेचा वूफर घेऊन शिरण्याचं माझं स्वप्न होतं. पण बाबांचे ते पसरलेले पाय बघितल्यावर मोठा द्या म्हणायला जीभ वळेना. छोटा बसवला. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड तार गालिच्याखालून मागे नेली, अँप सीटखाली स्क्रूने आवळला. गाडी चालू केली तर गाण्यामागे एक बारीक शीळ ऐकू येऊ लागली, ॲक्सिलरेटर दाबला की ती चढायची. अर्थिंगची तार बसवलेल्या जागी रंग राहिलाय, असं दुकानदार म्हणाला, आणि बॉडीचा तेवढा पत्रा घासून त्याने तार परत आवळली. आम्ही दोघं कान लावून ती शीळ गेली का ते बघत होतो. बाबा मात्र केव्हाचे समाधानी होते, त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नव्हती.

घरी येताना रामगड सोडलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं. भात पोटरीला आलेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवं पाणी भरल्यासारखं. मी गाणं हळू लावलं होतं. ठोके फरशीतून येत होते, बेताने, एकामागून एक. आणि बाबा बोलायला लागले. दोन वर्षांचं न बोललेलं. मिठबावच्या समोर एकदा असं धुकं पडलं होतं की स्वतःचा हात दिसेना, तेव्हा इंजिन तळपायांखाली कसं शांत चालत होतं ते सांगितलं. पाण्याचा रंग बदलला की फळीतली थरथर कशी बदलते ते सांगितलं. त्यांचा आवाज जरा मोठा येत होता, ऐकू न येणाऱ्याचा येतो तसा, पण मला तो गाण्याचाच भाग वाटत होता. पुढच्या काचेत माडांचे शेंडे सरकत होते आणि मध्येच मला वाटलं, आपण रस्त्यावर नाही, गाडी कशावर तरी तरंगत चालली आहे आणि मी नुसता हँडल धरून आहे.

पुढे भाडं नसलेल्या दुपारी गाडी माडांच्या सावलीत लागली, की बाबा चपला बाहेर काढून आत जाऊन बसत. पर्यटकांनाही तो आवाज आवडायचा. कोणी वाढवा म्हटलं नाही, उलट बायका-मुलं निवांत झोपी जायची. स्टँडवरचे ड्रायव्हर मला हसायचे, तुझी गाडी येते ते कळतच नाही म्हणून. पहिले काही महिने मी त्याचं वाईट वाटून घेतलं.

त्यानंतरच्या वर्षी, नारळी पौर्णिमेच्या आधी, बाबांचा जुना तांडेल घरी आला. बोटीचं इंजिन अडखळत होतं, दोन मेकॅनिक बघून गेले होते, दोष सापडत नव्हता. तो बाबांसमोर पायरीवर बसला आणि सावकाश, ओठ हलवत म्हणाला, "एकदा येऊन हुबो तरी ऱ्हव." बाबांनी नकारार्थी मान हलवली. जाळ्याची गाठ पुरी केली. दुसरी घातली. मग उठले.

बंदरात मी बरोबर होतो. बोटीला टेकलेल्या फळीपाशी ते थबकले, चपला काढल्या आणि चढले. इंजिन चालू झालं. ते डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले, एक पाऊल इकडे, एक तिकडे. मग खाली वाकून एका सिलेंडरवर बोट ठेवलं आणि सांगितलं, ह्याचा ठोका मागून येतो. मेकॅनिकने उघडून बघितलं तर खोट तिथेच निघाली. समुद्रात बाबा परत गेले नाहीत. स्वतःहून नको म्हणाले. पण मोसम सुरू व्हायच्या आधी आचऱ्यातल्या बोटवाल्यांचे निरोप येऊ लागले आणि ते जाऊ लागले, डोक्याला टॉवेल बांधून, पूर्वीसारखे लगबगीने. जाळी विणणं कमी झालं.

एका दुपारी, बहुतेक दोन हजार आठमध्ये, मी पडवीतून बघितलं तर व्हॅनमध्ये आईही बाबांच्या शेजारी बसली होती. तिनेही चपला काढल्या होत्या आणि लुगडं जरा वर घेऊन पावलं फरशीवर ठेवली होती. दोघं समोर बघत होती, गाडी कुठेतरी निघाल्यासारखी. मी जवळ गेलो. बाबांनी विचारलं, हे गाणं कसलं आहे.

मी सांगितलं, एक बाई दारात उभी राहून कोणाची तरी वाट बघते आणि तो येत नाही.

बाबांनी माझे ओठ नीट बघितले. जरा नाराज झाल्यासारखे वाटले.

"माका वाटला होडी बंदराक लागता," ते म्हणाले.

आई म्हणाली, तिला शब्द ऐकू येत होते तरी तिलाही तसंच वाटलं होतं. मी पुढे बसून दार लावून घेतलं आणि आवाज किंचित वाढवून दिला.